सोलापूरसारख्या ठिकाणाहून यूएनमध्ये करिअर होतं का, की सगळं वशिल्यानंच चालतं?

तू लिहिलंयस एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) संपत आलंय, यूएनमध्ये जायचंय, काका म्हणतात तिथं मोठ्या साहेबांचीच पोरं लागतात, आणि कुणीतरी एजंट 'रजिस्ट्रेशन फी' मागतोय. फीचं आधी सांगते. एक रुपया भरू नको. यूएन अर्जाला, मुलाखतीला, ट्रेनिंगला कशालाच पैसे घेत नाही, मागणारा चोर आहे, विषय संपला.

आता काकांचं. असले एक मामा माझ्याकडंपण आहेत म्हणून लिहायला बसले, नाहीतर स्क्रोल करून पुढं गेले असते. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. फिल्डवर्क विडी कामगार बायकांमध्ये होतं. मामा म्हणायचे, "विड्या वळणाऱ्यांत बसून काय मिळणाराय तुला, एमपीएससीचा फॉर्म भर की." पुढं यूएनच्या एका संस्थेच्या प्रोजेक्टला अर्ज टाकला आणि ऑनलाइन मुलाखत लागली. पहिलाच प्रश्न, दोन बाजूंचं भांडण कधी मिटवलंयस का, सांग. ह्या प्रश्नाला लोक नेटवरची पाठ केलेली उत्तरं देतात. मी छाटाचं सांगितलं. म्हणजे बायका घरी विड्या वळून कारखान्यात नेतात, तिथला तपासणारा कट्टे उलगडून मूठभर खराब म्हणून बाजूला टाकतो, ती छाट, तिचे पैसे नाहीत. बायका म्हणायच्या पानंच फाटकी दिली, तो म्हणायचा तुमचा हात बसला नाही. मी काय केलं तर पानं घरी आली की भिजवायच्या आधीच फाटकी, डाग पडलेली वेगळी काढायची आणि वहीत मांडायची, ज्यांना मराठी लिहिता येत नव्हतं त्यांना तेलुगूत विचारून मीच लिहायचे (तेलुगू गल्लीत खेळता खेळता आलेली, क्लास नाही लावला), आणि मग ती वही कारखान्याच्या माणसापुढं ठेवली, आवाज न चढवता. छाट बंद नाही झाली, पण खराब पानं बदलून मिळायला लागली. पॅनेलवरच्या मॅडम सारख्या टोकत होत्या, संघटनेनं काय केलं ते राहू दे, तू काय केलंस? हे लक्षात ठेव, आपल्याला 'आम्ही केलं' म्हणायची सवय असते आणि तिथं मार्क जातात. निवड झाली. वशिला असता तर मामांनी तो आधी स्वतःच्या पोरासाठी वापरला असता!

नियम तू वाचशीलच, तरी, पी म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या पायऱ्या, त्यात पी-2 ला मास्टर्स आणि 2 वर्षं अनुभव, पी-3 ला 5, पी-4 ला 7. पास झाल्या झाल्या न्यूयॉर्क कुणी देत नाही. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम म्हणून नवख्यांसाठी परीक्षा असते, तिला वय 32 पर्यंत चालतं, पण त्या वर्षीच्या यादीत आपला देश आहे का ते आधी बघ. त्यापेक्षा यूएन व्हॉलंटिअरचं बघ, हेडऑफिस जर्मनीत बॉनला असलं तरी भारतातल्या भारतात पोस्ट निघतात आणि दरमहा भत्ता मिळतो. नॅशनल ऑफिसरच्या पोस्ट तर त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात. लोकांना वाटतं आंतरराष्ट्रीय म्हणजे जिनिव्हा. अरे, डब्ल्यूएचओ आणि केंद्र सरकारनं 1997 मध्ये पोलिओ सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला, त्याचे मेडिकल ऑफिसर जिल्ह्याजिल्ह्यात हिंडले, तेव्हा कुठं जानेवारी 2011 ला हावड्याची केस देशातली शेवटची ठरली. फ्रेंचचा क्लास मात्र लाव, सेक्रेटरिएटचं म्हणजे यूएनच्या मुख्य कचेरीचं काम इंग्लिश आणि फ्रेंचमध्येच चालतं.

आता काका जे बरोबर बोलतात तेपण सांगते, नाहीतर म्हणशील फसवलं. सेक्रेटरिएटची इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्कचं भाडं बापानं भरलं तरच परवडते, तिथं साहेबांची पोरं पुढं जातात हे खरंय. कॉन्ट्रॅक्ट ठरावीक मुदतीचं असतं. 2025 ला अमेरिकेनं पैसे आखडल्यावर कितीतरी संस्थांनी माणसं कमी केली, मामा त्या बातम्या मला इतक्या आनंदानं फॉरवर्ड करत होते की ब्लॉकच करणार होते. गेल्या लग्नातपण हॉलमध्ये जेवताना वाढप्यासमोर विचारलं, "पेन्शन आहे का गं?" हेच मामा पाहुणे आले की डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेतात, आपल्या सोलापूरचा डॉक्टर 1938 ला चीनला गेला म्हणून छाती फुगवून सांगतात. कोटणीसांच्या पेन्शनचं नाही विचारत कधी.

असो. घर तुझ्या पगारावर चालणार असेल तर एमपीएससीचा फॉर्मपण भर, दोन्ही जमतं. आणि इन्स्पिरावर, म्हणजे सेक्रेटरिएटच्या अर्जाच्या साइटवर, प्रोफाइल आत्ताच काढून ठेव, जाहिरात आल्यावर बसलास तर अख्खा रविवार त्यातच जातो. बाकीच्या संस्थांच्या साइट वेगळ्या आहेत, तिथं परत पहिल्यापासून भरायचं.