वाचक विचारतात : क्लेमचे पैसे कापून येतात, सॉफ्टवेअर घ्यावं का?

प्रश्न : नमस्कार सर, निपाणीजवळ आमचं ३० बेडचं हॉस्पिटल आहे, बिलिंग आणि योजनेचं काम मी बघते. आयुष्मानचे क्लेम एक तर क्वेरीत, म्हणजे योजनेकडून आलेल्या शंकांत, अडकतात नाहीतर पैसे कापून येतात. आता अॅनालिटिक्सचं, म्हणजे डेटा तपासायचं, सॉफ्टवेअर विकणारा डेमो देऊन गेलाय, डॅशबोर्ड भारीच दिसतोय, क्वालिटी पण सुधारते म्हणतो. डॉक्टरांच्या मनात भरलंय. घ्यावं का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको. आधी गेल्या वर्षीचे सगळे क्लेम एका एक्सेलमध्ये घ्या. पॅकेज (योजनेच्या यादीतला उपचार) कुठलं, डॉक्टर कोण, डिस्चार्ज कधी, क्लेम टाकला कधी, क्वेरी काय आली, मागितले किती, मिळाले किती, बस्स. मग क्वेरीच्या कारणावर पिव्होट लावा, म्हणजे कुठलं कारण किती वेळा आलं ते कळेल. ऑपरेशननंतरचा एक्स-रे अपलोडच नाही, प्री-ऑथमध्ये (उपचाराआधीच्या मंजुरीत) एक निदान आणि डिस्चार्ज समरीत भलतंच, असलीच कारणं वर येतील बघा. आणि आपल्या सीमाभागातलं खास दुखणं म्हणजे नावाचं स्पेलिंग, रेशन कार्डावर लक्ष्मी के-एस-एच लावून आणि आधारवर एक्स लावून! हे अॅडमिशनच्या काउंटरवरच पकडायचं, त्याला सॉफ्टवेअर कशाला हवं?

आता क्वालिटी. पॅकेजचा रेट ठरलेला असतो, त्यामुळे जखमेत इन्फेक्शन होऊन पेशंट चार दिवस जास्त राहिला तर ती अँटिबायोटिक्स, ड्रेसिंग, बेड बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातं. म्हणजे क्वालिटी आणि पैसा एकाच रजिस्टरात आहे, फक्त कुणी जोडून बघत नाही. दर १०० ऑपरेशनमागे इन्फेक्शन किती, महिन्याच्या आत परत अॅडमिट किती, एवढे दोन आकडे दर महिन्याला काढा. पण शून्य आलं म्हणून पेढे वाटू नका हं. आपल्याकडचा पेशंट टाके पिकले की तुमच्याकडे कुठला येतोय, तो गावातल्या डॉक्टरकडे जातो नाहीतर गडहिंग्लज गाठतो, मग तुमच्या कॉम्प्युटरला कळणार कसं? ऑपरेशननंतर ३० व्या दिवशी सिस्टरने एक फोन करायचा, मराठीत नाहीतर कन्नडात, जखम कशी आहे, ताप आला होता का, आणि उत्तर त्याच शीटमध्ये टाकायचं. माझ्या मते या फोनची किंमत त्या डॅशबोर्डपेक्षा जास्त आहे.

अमेरिकेत मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना तर २०१२ पासून परत अॅडमिट होणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलं की हॉस्पिटलचे पैसे कापतं, जास्तीत जास्त ३ टक्के. आपल्याकडे उलटं आमिष आहे, आयुष्मानच्या राष्ट्रीय पॅकेज दरांत एनएबीएचच्या (हॉस्पिटलला क्वालिटीचं मानांकन देणारी संस्था) एन्ट्री लेव्हलला १० टक्के आणि पूर्ण मानांकनाला १५ टक्के जादा धरलेत. तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघून घ्या.

एक मात्र सांगतो, डेटा बघून "कुठलं पॅकेज लावलं तर जास्त मिळतील" असा विचार कुणी सुरू केला तर तिथंच थांबवा. योजनावाले आणि तपासणारे पण डेटाच बघतात की. २०२३ च्या कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) आयुष्मानवरच्या अहवालात एकाच मोबाईल नंबरवर, तोही दहा वेळा नऊ, जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी सापडले होते! तुमच्याकडे काउंटरवर घाईत असला नंबर टाकतात का तेवढं तपासा.

प्रश्न : आमच्या खानापूरच्या हॉस्पिटलात चंदगडचे पेशंट पण येतात, त्यात महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केलीय. क्लेमच्या शीटमध्ये कुणाला कुठं धरायचं?

उत्तर : गाव आणि पैसे देणारा हे दोन वेगळे कॉलम करा, राज्य बघून योजना गृहीत धरू नका. कर्नाटकची योजना, महाराष्ट्राची, खासगी विमा आणि रोख, प्रत्येकाच्या अटी आणि कागद वेगळे, एकत्र केलं तर कुठली क्वेरी कुणाकडून येतेय तेच कळणार नाही. इन्फेक्शनचा आकडा मात्र सगळ्यांचा मिळून एकच काढा.