बिश्केकजवळच्या मालवाहू विमान अपघातात दोष धुक्याचा होता की वैमानिकांचा?

१६ जानेवारी २०१७ रोजी किर्गिझस्तानात कोसळलेल्या बोइंग ७४७ मालवाहू विमानाचा ऑटोपायलट चालू होता, तरीही ते वस्तीवर कसे पडले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते धुके हे निमित्त ठरले. खरी चूक उंची न पडताळण्याची होती.

हाँगकाँगहून इस्तंबूलला निघालेले हे विमान वाटेत बिश्केकच्या मानस विमानतळावर उतरणार होते. उतरण्याच्या मार्गावर ज्या ठिकाणी ते ६,००० फुटांच्या आसपास असायला हवे होते, तेथे ते ९,००० फुटांहूनही उंच होते. हवाई वाहतूक नियंत्रकांनी त्याला उशिरापर्यंत उंचावर ठेवले हे खरे. पण अशा स्थितीतून उतरत राहायचे की नाही, हे वैमानिकांनीच ठरवायचे असते.

जमिनीवरील ग्लाइडस्लोप यंत्रणा विमानाला धावपट्टीकडे नेणारा तीन अंशांचा उतार रेडिओ संकेताने दाखवते, मात्र तिच्या रेडिओ लहरींच्या रचनेमुळे वर, सुमारे नऊ अंशांवर, एक फसवा उतारही तयार होतो. उंचावरून येणाऱ्या या विमानाने नेमका तोच पकडला. थोड्याच वेळात तो संकेत तुटला आणि ऑटोपायलट, त्याच्या मूळ रचनेप्रमाणेच, आपल्या अंतर्गत यंत्रणेच्या आधारे तीन अंशांनी विमान खाली आणत राहिला. उतार योग्य वाटत होता, पण तो सगळाच पुढे सरकलेला होता आणि धावपट्टीच्या पलीकडे जमिनीला टेकत होता. बिघाडाचे इशारेही मिळत होते. धावपट्टीपासूनच्या दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट उंची, हा प्रत्येक वैमानिकाला पाठ असलेला हिशेब त्या वेळी कोणी करून पाहिला असता, तर चूक तेव्हाच उघड झाली असती.

धुक्यामुळे खालून मागे सरकणारी धावपट्टी त्यांना दिसली नाही. उतरायचे की नाही हे ठरवण्याच्या ९९ फुटांच्या उंचीवर ती दिसत नाही म्हटल्यावर तत्काळ वर उठायला हवे होते; तो निर्णय ६० फुटांच्याही खाली आल्यावर झाला, आणि विमान वेळेत वर उठू शकले नाही. विमानातील चौघे आणि सकाळी आपापल्या घरांत असलेले ३५ गावकरी मृत्युमुखी पडले.

तपास अहवालानेही विमानाच्या स्थितीवर वैमानिकांचे पुरेसे लक्ष नव्हते, असेच म्हटले आहे. तरीही, संकेत तुटल्यावर केवळ इशारा देऊन उतरत राहणारी ती रचना मला तितकीच चिंताजनक वाटते.