केवायसीचा फॉर्म परत का येतो आणि तो कसा भरावा

वडिलांचा केवायसी फॉर्म बँकेने दोनदा परत केला, अक्षर तर वळणदार आहे, मग चुकतंय कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. वळणदारपणाचाच त्यात हात असू शकतो. फॉर्म बऱ्याचदा स्कॅन होऊन दुसरीकडे जातो आणि तिथे कुणीतरी पडद्यावर एकेक चौकट पाहून टाइप करतो. त्याला तुमच्या घराण्याचं आडनाव किंवा गावाचं नाव माहीत नसतं. त्यामुळे प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराच्या आधाराशिवाय ओळखू आलं पाहिजे.

काळं साधं बॉलपेन घ्या. जेल पेनची शाई वाळायला वेळ घेते आणि हाताने फरफटते. शाईपेनची शाई स्वस्त कागदावर पसरते. फॉर्मखाली पॅड ठेवा, पण सगळी पानं एकावर एक ठेवून लिहू नका, वरच्या पानाचे वळ खालच्या पानावर उमटतात.

इंग्रजी फॉर्म मोठ्या लिपीतच भरा, एका चौकटीत एक अक्षर आणि दोन शब्दांमध्ये एक चौकट मोकळी. अक्षर चौकटीच्या रेषेला टेकू देऊ नका. रेषेला चिकटलेला 'सी' स्कॅनमध्ये 'ओ' किंवा 'डी' दिसतो. 'यू'चा तळ गोल, 'व्ही'चा टोकदार. 'झेड'चे कोपरे स्पष्ट, नाहीतर तो दोन वाटतो. 'एस' आणि पाच, 'बी' आणि आठ यांतही हीच गल्लत होते. एक म्हणजे नुसती उभी रेघ. तिला वर लांब शेंडी काढली की सात होतो.

आता आकडे. मराठीत शिकलेल्या वडीलधाऱ्यांचे फॉर्म इथे हमखास अडतात. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ७ इंग्रजी सहासारखा, ४ आठसारखा आणि घाईत काढलेला ५ चारसारखा. जन्मतारीख अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी आकड्यांत लिहिली तर टाइप करणाऱ्याने काय समजायचं? इंग्रजी फॉर्मवर सगळे आकडे इंग्रजीच हवेत. तारखेच्या आठही चौकटी भरा: दिवस दोन, महिना दोन, वर्ष चार. ५ मार्च असेल तर दोन्हींच्या आधी शून्य.

काही क्रमांक स्वतःच स्वतःची चूक दाखवतात. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी' आणि पाचवं आडनावाचं पहिलं. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा सांकेतिक क्रमांक, ११ ठिकाणांचा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. तिथे लोक 'ओ' काढतात.

नावाची चूक मात्र सुवाच्य अक्षरानेही झाकली जात नाही. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, केवायसी फॉर्मवर बहुधा पहिलं नाव आधी. रकान्यावरचं शीर्षक वाचूनच लिहा. स्पेलिंग ओळखपत्रावर आहे तेच, एका अक्षराचाही फरक नको. ओळखपत्रावर 'नामदेव' असेल तर आपण हाक मारतो म्हणून 'नामदेवराव' लिहू नका. 'श्री' आणि 'सौ.' नावाच्या चौकटीत घालू नका, त्यासाठी वेगळा रकाना असतो. पत्ताही पुराव्यावर आहे तसाच उतरवा. ओळ संपत आली तर शब्द तोडू नका, पुढच्या ओळीवर न्या.

चुकलं तर गिरवू नका आणि व्हाइटनर लावू नका. मोकळ्या ओळीत चूक झाली असेल तर एक आडवी रेघ मारून वर बरोबर लिहा आणि बाजूला पूर्ण सही करा. तेही शाखेला चालतं का ते विचारून. नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक यांच्या चौकटीत चुकलं तर सरळ नवा फॉर्म घ्या. म्हणून आधी झेरॉक्सवर पेन्सिलने भरून पाहणं मला अगदी आवश्यक वाटतं. लागू नसलेल्या रकान्यात 'लागू नाही' लिहा किंवा आडवी रेघ ओढा. कोरा रकाना राहून गेल्यासारखा दिसतो.

फोटो डिंकाने पातळ चिकटवा, स्टेपल करू नका. फोटोवर सही मागितली असेल तर ती चेहऱ्यावरून जाऊ नये, अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर यावी. चकचकीत फोटोवर शाई लगेच वाळत नाही, तोवर पान दुमडू नका. मुख्य सही चौकटीच्या आत, चारही बाजूंनी थोडी जागा सोडून करा, कारण स्कॅननंतर तेवढाच भाग कापून घेतला जातो. ती बँकेकडच्या नमुना सहीशी जुळली पाहिजे. वडिलांचा हात थरथरत असेल आणि सही बदलली असेल तर नवी सही नोंदवण्याचा अर्ज सोबतच द्या. दोनदा परत येण्याचं हेही कारण असू शकतं, तेव्हा शेरा नीट वाचा.

फॉर्म देण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्यावरचे सगळे क्रमांक एकेक अंक मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही मूळ कागद हातात धरून तपासा. वाचणारा जिथे अडखळेल, ती चौकट बँकेतही अडेल.