शितावरून भात केव्हा कळतो?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. युक्तिवादातल्या चुका, म्हणजे तर्कदोष, कसे ओळखायचे, असं तू विचारलंस. त्यांची नावं आत्ताच पाठ करू नकोस, नाहीतर वादात समोरच्याला नुसती लेबलं चिकटवत बसशील. आधी एक सवय लाव. कुणी ठासून काही म्हणालं की कागदावर दोन ओळी लिही: वर त्याचं म्हणणं, खाली त्याचं कारण. मग या दोन ओळींना जोडणारं, पण त्याने न बोललेलं वाक्य शोध. दोष बहुतेकदा तिथेच दडलेला असतो.

पुण्यात हेल्मेटचा वाद कायमचा, तोच घे. ‘हेल्मेट कशाला? काकांनी चाळीस वर्षं स्कूटर चालवली, साधं खरचटलंही नाही.’ न बोललेलं वाक्य असं: काकांचं झालं तेच सगळ्यांचं होतं. यावर लोक शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. पण शितावरून भात कळतो तो सगळे तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतात म्हणून. तिथेही वरचं शीत कच्चं राहू शकतं, त्यामुळे जाणता हात आधी खालवर करतो आणि मगच शीत दाबून बघतो. दुचाकीवाल्यांचं पातेलं एक नसतं. रस्ता, वेग, वेळ सगळंच वेगळं. शिवाय डोक्याला मार लागून जे गेले, ते कट्ट्यावर अनुभव सांगायला येत नाहीत.

‘हेल्मेट घाल’ म्हटल्यावर कुणी ‘तू तरी कुठे सिग्नल पाळतोस?’ म्हणालं, तर तो विषय बदलणं झालं. साक्षीदाराची विश्वासार्हता तपासणं मात्र रास्त आहे, कारण तिथे सगळं त्याच्या शब्दावरच उभं असतं.

आता आपल्या बाजूचं बघ. समोरचा म्हणतो ‘सक्ती नको’, आपण ऐकतो ‘हेल्मेट नको’. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याच्या जवळचा दोष आहे, वाक्छल: शब्दाचा बोलणाऱ्याला नको असलेला अर्थ धरणं. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण ‘नवकंबल’. ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊही: बोलणाऱ्याला नवी घोंगडी म्हणायची असते, प्रतिवादी विचारतो, ‘नऊ घोंगड्या कुठायत?’ म्हणून उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत मांड. तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

आणि काकांचा दाखला लंगडा ठरला म्हणून हेल्मेटची बाजू सिद्ध झाली, असंही नाही. तुझं कारण तुला द्यावंच लागेल: आतला थर्मोकोलसारखा थर चेपतो, धक्का किंचित जास्त वेळात पसरतो, म्हणून डोक्यावरचा जोर कमी होतो, पट्टा लावलेला असेल तरच. हेही त्याच दोन ओळींत लिहून तपास.

तुझा,
एक हितचिंतक