निवृत्त लष्करी विमान पुन्हा उडवायचंय: बारावीनंतर नेमकं काय शिकायचं?

प्रश्न: आम्ही ओझरजवळ राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं तेव्हापासून तिनं एकच धरलंय, जुनी लष्करी विमानं दुरुस्त करून पुन्हा उडवायची. याचं काही शिक्षण असतं का, की सरळ एरोनॉटिकल इंजिनिअरिंगला घालू? आणि हत्यारं घेऊन करायचं हे काम मुलीला झेपेल का?
– एक पालक, निफाड तालुका

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ साली उभा राहिला तोच मिग-२१ बांधण्यासाठी. त्या परिसरातल्या मुलीला हे वेड लागणं अगदी स्वाभाविक आहे, ते मोडू नका. मात्र या कामाची वेगळी पदवी नसते आणि भारतात त्याच्या नोकऱ्या जवळजवळ नाहीत, हे तिला आजच सांगा. आपल्या हवाई दलाचं ‘परशुराम’ हे डाकोटा जातीचं जुनं मालवाहू विमान २०११ पासून ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं, एप्रिल २०१८ मध्ये उडत भारतात आलं आणि ४ मे २०१८ ला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर दलात दाखल झालं. अशी दुरुस्ती व्यवसाय म्हणून चालते ती प्रामुख्यानं ब्रिटन आणि अमेरिकेत. म्हणून शिक्षण असं हवं की इथे पोट भरेल आणि पुढे ते दारही उघडं राहील.

मिग-२१ बद्दल तिची थोडी निराशा होईल. अमेरिकेत खासगी मालकीची काही मिग विमानं उडतात, पण जेट लढाऊ विमान उडतं ठेवणं फार अवघड. इजेक्शन सीटमधल्या स्फोटक काडतुसांना मुदत असते, इंजिनाचे तास मोजलेले असतात आणि मूळ कंपनीचं तांत्रिक पाठबळ लागतं. ब्रिटनचं जुनं जेट बॉम्बर विमान व्हल्कन एक्सएच ५५८ बघा. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा उडालं. २०१२ मध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आत राहिल्या, त्या खेचल्या जाऊन एका बाजूची दोन्ही इंजिनं गेली. पुढे तांत्रिक जबाबदारी घेतलेल्या कंपन्यांनी पाठबळ काढून घेतलं आणि ऑक्टोबर २०१५ नंतर विमान कायमचं जमिनीवर आलं. म्हणूनच दुरुस्त होऊन उडणारी बहुतेक विमानं पिस्टन इंजिनाची असतात: स्पिटफायर, हार्वर्ड, टायगर मॉथ, डाकोटा.

हे काम दिसतं कसं, तेही तिला कळू द्या. सुरुवात कागदांपासून होते: लॉगबुक, कोणता भाग कधी बदलला, कोणत्या सूचना पाळायच्या राहिल्या. मग विमान उघडायचं. गंज बाहेरून दिसत नाही. तो दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आणि पंखाच्या स्पारमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य तुळईत, लपलेला असतो. ॲल्युमिनियम फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. मॅग्नेशियमची चाकं आणि कास्टिंग तर आतून भुसभुशीत होतात. रबराचे होज आणि सील कितीही चांगले दिसले तरी सगळे बदलायचे.

नंतर पत्र्याचं काम, आणि इथे हात लागतो. पत्रे रिव्हेटनं, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यानं, जोडतात. १/८ इंचाच्या रिव्हेटसाठी ३० नंबरचं ड्रिल. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मं उंच व्हायला हवं. एकजण बाहेरून रिव्हेट ठोकणारी गन चालवतो, दुसरा आतून बकिंग बार, म्हणजे टेकू म्हणून लोखंडी ठोकळा, धरतो. बार जरा कलला की डोकं तिरकं बसतं. मग रिव्हेट ड्रिल करून काढायचा. त्यात भोक मोठं झालं तर वरच्या मापाचा रिव्हेट लागतो. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर उरलं नाही, तर तो पत्राच बाद. काही कठीण मिश्रधातूंचे रिव्हेट उष्णता देऊन फ्रीझरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ठोकावे लागतात, नाहीतर ते कडक होऊन चिरतात.

डाकोटाच्या १४ सिलिंडरच्या इंजिनाची खोड वेगळीच. विमान उभं राहिलं की ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्ट केलं तर ऑइल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवतात. तो अडला तर जोर लावायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही, कारण ऑइल इनटेक पाइपात जाऊन बसतं आणि सुरू होताना पुन्हा सिलिंडरात येतं. खालचे स्पार्क प्लग काढून ते निथळू द्यायचं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जड वस्तू होइस्टनं उचलतात. माणसाकडून लागते ती चिकाटी आणि प्रत्येक गोष्ट खरी लिहून ठेवायची शिस्त. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेच्या विमान कारखान्यांत रिव्हेट मारणाऱ्या बायका हजारोंनी होत्या.

आता प्रवेशाचं. एरोनॉटिकलची पदवी वाईट नाही, पण ती घेतली म्हणून विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करता येत नाही, आणि बहुतेक पालकांचं इथेच चुकतं. सहीचा अधिकार डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, लायसन्सनं मिळतो. त्यात बी १.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, बी १.२ पिस्टनची, बी २ ॲव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तिचा ओढा बघता बी १.२ जवळचं वाटेल, तरी मी आधी बी १.१ घ्या म्हणेन, कारण एअरलाइन आणि एमआरओतल्या (विमान देखभाल-दुरुस्ती कंपन्यांतल्या) नोकऱ्या तिथे आहेत. नंतर पिस्टन इंजिनाचा मोड्यूल (परीक्षेचा विषय) १६ आणि लागणारा अनुभव पुरा करून बी १.२ जोडता येतं. त्यासाठी बारामती, गोंदियासारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूल बघाव्यात, तिथली छोटी विमानं पिस्टनवरच उडतात. प्रत्येक मोड्यूलला ७५ टक्के लागतात. कोर्स संपला की लायसन्स हातात येत नाही, चालू विमानांवरचा अनुभवही दाखवावा लागतो. त्यामुळे संस्था निवडताना तो अनुभव कुठे मिळतो हे लेखी विचारा.

परदेशात भारतीय लायसन्स थेट चालत नाही. अमेरिकेच्या ए अँड पी सर्टिफिकेटसाठी एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) दोन्ही मिळून ३० महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव आणि लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक अशा परीक्षा असतात. तिनं पहिल्या दिवसापासून केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, विमानाचा प्रकार आणि वरिष्ठांची सही लॉगबुकात ठेवली, तर तेव्हा ते कामी येईल.

फी भरण्याआधी डीजीसीएच्या यादीत संस्थेची सीएआर-१४७ (एएमई शिकवणाऱ्या संस्थांना मिळणारी) मान्यता तपासा, आणि ती बी १.१ साठीच आहे का तेही बघा. मग मुलीला घेऊन वर्कशॉपमध्ये जा. विद्यार्थ्यांनी मारलेले रिव्हेट बघायला मागा. आठवड्याला किती तास हातात हत्यार असतं, ते प्राचार्यांना नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.