ड्रंक अँड ड्राइव्हची केस पहिल्या दोन तासांत उभी राहते

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. ट्रॅफिकला टाकलं म्हणून थोडी नाराज वाटलीस, नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना क्राइम ब्रँचच हवी असते, साहजिक आहे. पण शेवटी जे विचारलंस ते मला फार आवडलं, की काका, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची केस कोर्टात टिकते कशी आणि सुटणारे सुटतात कसे. यावर मी नोकरीभर विचार केलाय त्यामुळे पत्र लांबणार, चहा घेऊन वाच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. चोरीच्या केसमधला मुद्देमाल आज नाही तर परवा सापडतो. इथे मुद्देमाल आरोपीच्या रक्तात असतो आणि तो दर तासाला कमी होत चाललेला असतो. साधारण माणसाच्या रक्तातली दारू तासाला १०० मिलीमागे १० ते २० मिलिग्रॅमने उतरते, आणि आपल्या कायद्याची रेघ आहे ३० मिलिग्रॅमवर. म्हणजे रात्री दोन वाजता ज्याचं ९० होतं त्याचं रक्त तू सकाळी नऊला काढलंस तर रिपोर्ट शून्याच्या आसपास येऊ शकतो, आणि त्यात लॅबची काहीच चूक नसेल. अधल्या मधल्या सात तासांत कोणाचा फोन आला, गाडी मिळाली नाही, डॉक्टर जागेवर नव्हते, ही सगळी कारणं खरी असली तरी कोर्टात त्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणून तुझ्या डायरीत सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर वेळ. किती वाजता थांबवलं, किती वाजता फुंकायला लावलं, किती वाजता अटक, किती वाजता सुई टोचली. मिनिटासकट लिही, तिथल्या तिथे लिही, "अंदाजे" हा शब्द वापरू नकोस.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ तुला पाठ असेलच. पण त्यात "चालवताना" बरोबर "चालवण्याचा प्रयत्न करताना" असंही आहे, हे नाकाबंदीला उभे असलेले बरेच जण विसरतात, बारच्या पार्किंगमध्ये झिंगलेला माणूस स्टिअरिंगवर बसून गाडी सुरू करतोय तर तो रस्त्यावर येऊन कोणाला उडवेपर्यंत वाट बघायची गरज नाही. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत किंवा १५ हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्यांदा सापडणाऱ्याला कैद एवढीच, पण दंड फक्त २ हजारांपर्यंत होता. आणि हे सिग्नल तोडल्यासारखं चलन फाडून मिटवायचं काम नाही, कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत १८५ नाहीच, माणूस कोर्टापुढे गेलाच पाहिजे. तुला फोन येतील, "जाऊ द्या ना मॅडम, पोरगा चांगल्या घरचा आहे". उत्तर एकच द्यायचं, की तडजोड करायचा अधिकार कायद्याने मला दिलेलाच नाही, आणि आवाज न चढवता द्यायचं.

आता ब्रेथ ॲनालायझर, म्हणजे फुंकर मारून श्वासातली दारू मोजायचं मशीन. कलम २०३ प्रमाणे युनिफॉर्ममधल्या अधिकाऱ्याला वाजवी संशय आला की तो श्वास तपासणी मागू शकतो. युनिफॉर्म हा शब्द कायद्यात आहे, साध्या कपड्यात मागू नकोस. संशय कशावरून आला ते दोन ओळीत लिही, गाडी लेन सोडून जात होती, काच खाली केल्यावर वास आला, बोलणं अडखळत होतं, जे असेल ते. नवीन माउथपीस त्याच्यासमोर पाकिटातून काढ, मशीन शून्य दाखवतंय ते त्याला बघू दे, आणि "आत्ताच माउथवॉश केलंय" किंवा "खोकल्याचं औषध घेतलंय" असं म्हणाला तर भांडू नकोस, पंधरा मिनिटं थांबव, काही खाऊपिऊ देऊ नकोस, परत घे. तोंडातला अल्कोहोल तेवढ्या वेळात जातो, रक्तातला जात नाही. मशीनचा नंबर आणि कॅलिब्रेशनचा, म्हणजे मशीन बरोबर मोजतं हे तपासल्याचा कागद फाइलला लागला पाहिजे, बचावाचा वकील पहिला प्रश्न तिथूनच विचारतो.

फुंकायलाच नाही म्हणाला तर? नवीन पोरं इथे गडबडतात, धक्काबुक्की होते, मग व्हिडिओ व्हायरल होतो आणि मूळ गुन्हा राहतो बाजूला. काही गरज नाही. नकार दिला आणि दारूचा वाजवी संशय असला की २०३ मध्येच वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार आहे. चौकीत नेल्यावर त्याला फुंकायची परत एक संधी द्यायची, ती दिली हे लिहायचं, मग २०४ खाली डॉक्टरकडून रक्त. विनाकारण नकार दिलाय हे कोर्ट २०५ खाली सरकार पक्षाच्या पुराव्याला पूरक धरू शकतं. त्यामुळे त्याचा नकार सुद्धा पुरावाच आहे, तो शांतपणे नोंदव. आरोपी बाई असेल आणि डॉक्टर पुरुष असतील तर रक्त काढताना एक बाई हजर हवी. जखमी होऊन ॲडमिट असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, ते नको म्हणाले तर थांबायचं, आणि वॉर्डातून अटक करायची नाही.

आणि तो दोन तासांचा नियम, ज्यासाठी हे सगळं पत्र लिहितोय. कलम २०२. १८५ मध्ये अटक केल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर त्याला अटकेतून सोडावं लागतं. म्हणून ड्युटी सुरू होण्याआधीच आज रात्री कुठल्या हॉस्पिटलला सीएमओ, म्हणजे अपघात विभागाचे ड्युटीवरचे डॉक्टर, कोण आहेत, तिथे रक्त घ्यायचं किट आहे का, गाडी कोणती, शिपाई कोण, हे ठरवून ठेव. नाकाबंदीवर आरोपी पकडल्यावर हे शोधत बसलीस तर एक तास तिथेच गेला.

हॉस्पिटलमध्ये तू स्वतः उभी राहा. डॉक्टर वास, चाल, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या बघून सर्टिफिकेट देतील, ते घे, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्येच आपल्या महाराष्ट्रातल्या एका अपघाताच्या केसमध्ये हे सांगून ठेवलंय, की नुसता वास आणि लटपटती चाल म्हणजे नशेचा ठाम पुरावा नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी. रक्त काढताना कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसू देऊ नकोस, साधी गोष्ट आहे पण रात्री तीन वाजता सवयीने हात स्पिरिटकडेच जातो. सोडियम फ्लोराइड असलेली बाटली हवी, नाहीतर नमुना पडून राहिला की त्यातलं अल्कोहोल बदलू शकतं. बाटलीवर नाव, तारीख, वेळ, डॉक्टरांची सही, लाखेचं सील, सीलचा नमुना फॉर्मवर, आणि मग ती बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, फ्रिजमध्ये कधी ठेवली, लॅबला कोण घेऊन गेलं, एकेक नाव. वांद्र्याच्या २००२ च्या अपघाताचा खटला सगळ्या देशाने पाहिला, हायकोर्टाने डिसेंबर २०१५ मध्ये आरोपीला निर्दोष सोडलं, त्यातही रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरच्या शंका होत्या. तेरा वर्षं चाललेल्या खटल्यात एका बाटलीचा प्रवास इतका महत्त्वाचा ठरतो.

पुण्याचं तर तुझ्या डोळ्यांसमोरचं आहे. १९ मे २०२४, कल्याणीनगर, पहाटेची वेळ, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा १७ वर्षांचा असल्याचं सांगितलं गेलं. नंतर पोलिसांनी आरोप केला की हॉस्पिटलमध्ये रक्ताचा नमुनाच बदलला, त्यात डॉक्टरांना अटक झाली. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल. तुझ्या कामाचा भाग हा की ती अदलाबदल बाहेर आली कशाने, तर दुसरा नमुना वेगळीकडे घेतला गेला आणि डीएनए जुळवून बघितला. म्हणून ओळख पटवायचा पुरावा सुरुवातीपासून ठेव, रक्त काढतानाचा व्हिडिओ, हजर माणसांची नावं. सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस हा नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आल्यापासून झडती जप्तीचं रेकॉर्डिंग तसंही सक्तीचं झालंय, त्याचं ओझं मानू नकोस, तो कॅमेरा उद्या तुझीच बाजू सांगणार आहे.

रक्ताशिवायचा पुरावाही लगेच गोळा करायचा. बारचं बिल, यूपीआयची नोंद, वेटरचा जबाब, पार्किंगवाला, टोलचे कॅमेरे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर काही दिवसांनी स्वतःच जुनं पुसून टाकतो, म्हणून त्याच सकाळी पत्र दे आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट घे, नाहीतर फुटेज असून नसल्यासारखं. गाडी कोण चालवत होतं हे आधी सिद्ध कर. अपघातानंतर "ड्रायव्हर चालवत होता" हे वाक्य तुला इतक्यांदा ऐकायला मिळेल की बास.

कोणी दगावलं असेल तर कलम लावताना घाई करू नकोस आणि घाबरूही नकोस. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे बीएनएस, आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. पण दारू पिऊन, त्या वेगाने, त्या रस्त्यावर माणसं मरू शकतात याची जाणीव त्याला होती असं तथ्य दाखवत असेल तर १०५, सदोष मनुष्यवध. मुंबईच्या कार्टर रोडच्या अपघाताचा निकाल नीट वाच, १२ नोव्हेंबर २००६ ला फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले, रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे १०० मिलीमागे ११२ मिलिग्रॅम, आपल्या रेघेच्या जवळजवळ चौपट, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. तीन वर्षं. मला ती आजही कमी वाटते, पण तो आकडा फाइलवर नसता तर तीही झाली नसती.

गांजा, एमडी (मेफेड्रोन), झोपेच्या गोळ्या यांचं अवघड आहे, तिथे ३० सारखी रेघ नाही, गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता हे दाखवावं लागतं. म्हणून ब्रेथ मशीन शून्य दाखवत असेल आणि माणूस उभा राहू शकत नसेल तर त्याला "क्लीन" म्हणून सोडू नकोस, डॉक्टरकडे ने. चालवायला चिथावणारा किंवा मदत करणारा दोस्त असेल तर कलम १८८ पण बघ, त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे.

मेलेल्याच्या किंवा जखमीच्या घरच्यांना मात्र विसरू नकोस. आपण आरोपीच्या मागे असतो आणि ती माणसं शवागाराबाहेर बाकावर बसलेली असतात, कोणी काही सांगत नाही. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत गेला पाहिजे, त्यावर त्यांच्या नुकसानभरपाईचा दावा अवलंबून असतो. त्यांना एफआयआरची कॉपी दे, दावा मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलमध्ये होतो हे सांग, तुझा नंबर दे. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी सरकारी योजनेतून मृताच्या वारसाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

पुढच्या आठवड्यात तुझी पहिली साक्ष आहे म्हणालीस. आदल्या दिवशी डायरी, मेडिकलचा फॉर्म आणि लॅबचा रिपोर्ट समोर ठेवून तिन्हींवरच्या वेळा जुळतात का बघ, आणि जुळत नसतील तर मला रात्री कितीही वाजता फोन कर, पण सकाळी कोर्टात जायच्या आधी सरकारी वकिलांना ते स्वतःहून सांग.

तुझा काका