यादी देण्याआधी वही उघड

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. नववीच्या दोन्ही तुकड्यांतून 'दहावीत अडचण करतील' अशी आठ-दहा नावं तुझ्याकडे मागितली आहेत. त्या मुलांच्या पालकांना बोलावून समजावायचं, की दाखला घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी द्या. मग पुढच्या वर्षी आपला निकाल शंभर टक्के. तू विचारतोस, 'बाई, नावं दिली नाहीत तर मला कायम करतील का? आणि दिली तर मी त्या मुलांना तोंड कसं दाखवू?' त्याच्याच खाली लिहिलंयस, क्लासवाले बोलावतायत, तिकडे जाऊ का?

तिन्ही प्रश्न एका दमात विचारलेस म्हणून आधी मला तुझा रागच आला. तू याच शाळेत शिकलास. मुलांबद्दल कळवळा ठेव, धीर सोडू नकोस, असलं काही मी तुला सांगत बसणार नाही, ते तुझ्यात आहेच. मला एकच विचारायचंय. त्या मुलांच्या वह्या उघडल्यास का?

चाचणीचे गुण, सहामाहीचे गुण, हजेरी, सगळं तुझ्या मेसेजमध्ये आहे. वहीचा उल्लेख नाही. ज्या मुलाबद्दल मत द्यायचं त्याची वही पहिल्या पानापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत वाचलेली नसेल, तर मत देण्याचा अधिकार नाही. कायम झालास तरी नाही, उद्या माझ्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलास तरी नाही. आणि वाचणं म्हणजे लाल पेनाने 'पाहिले' लिहून खाली तारीख टाकणं नव्हे. तसं करून चाळीस वह्या मधल्या सुट्टीत संपतात. त्या वह्या मला लांबून ओळखू येतात. चूक आणि बरोबर, दोन्हींवर एकाच वेगाने रेघ मारलेली असते.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा असल्याच एका यादीत आला होता. गणितात कधी शंभरात विसाच्या पुढे गेला नाही. भूमितीच्या वहीत अर्धी उदाहरणं फळ्यावरून उतरवलेली, तीही मध्येच सोडलेली. मागची पानं मात्र गच्च भरलेली होती. खोल्यांच्या आकृत्या, भिंतींची मापं, त्यातून खिडकी-दारं वजा केलेली, चौरस फुटाचा दर, मजुरी, कुणी किती उचल घेतली ते. एका पानावर वाळू किती ब्रास लागेल त्याचा हिशोब होता (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास), लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले शंभर. वडील धायरीकडे प्लास्टरची कामं घ्यायचे आणि लिहिण्याचं काम याच्या अंगावर होतं. मी सगळे हिशोब तपासले. एकच चुकला होता, तोही बेरजेत. पृष्ठफळ-घनफळाच्या धड्यात ज्याला एक गुण मिळाला नव्हता, तो मुलगा तेच गणित त्याच वहीत बिनचूक करत होता. गुणपत्रक बघून हे कुणाला कळलं असतं, सांग. आमच्या गणिताच्या सरांनी तो धडा मागच्या पानांवरून पुन्हा सुरू केला, आधी ब्रास, मग घनसेंटिमीटर. मुलगा दहावी सुटला. पहिला वर्ग वगैरे नाही, सुटला, आणि औंधच्या आयटीआयला गेला.

परवा माझ्या निरोप समारंभात शाळेच्या यशाची यादी वाचली गेली. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती, गरीब घरच्या मुलांसाठीची एनएमएमएस शिष्यवृत्ती, खो-खोचे संघ, भालबा केळकर करंडकातलं नाटक, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतले ए ग्रेड. त्या प्रत्येक मुलाचा मला अभिमान आहे. गेटवर त्यांचे फोटो लागतात ते लागलेच पाहिजेत, त्यांनी ते कमावलेत. एनएमएमएसचे वर्षाला १२ हजार रुपये बारावीपर्यंत मिळतात. तेवढ्या आधारावर मुलीला घरी बसवायचा विचार सोडून दिलेले पालक मी पाहिलेत. पण प्लास्टरवाल्याचा मुलगा त्या यादीत नव्हता. आणि ती शुक्रवारची मुलगीही नव्हती.

तिचंही सांगते. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतून यायची. अक्षर मोत्यासारखं, पण विज्ञानात नापास. वर्गशिक्षिकेचा शेरा, 'अनियमित, अभ्यासात रस नाही.' मी तिची विज्ञानाची वही घेऊन नुसत्या तारखा एका कागदावर लिहून काढल्या. सोमवार आहे, बुधवार आहे, शुक्रवार नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवार नाही. एखादा आठवडा शुक्रवार आहे, पुन्हा नाही. तुला पुण्यात गुरुवारचं पाणी बंद नवं नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने, अशी सूचना आपण पेपरात वाचतो आणि आदल्या दिवशी दोन बादल्या जास्त भरून ठेवतो. उतारावर वरच्या अंगाला ते पाणी चढायला दुपार व्हायची. आई चार घरची कामं करणारी, धाकटी भावंडं दोन. पाणी भरायला घरी कोण थांबणार? आणि वेळापत्रकात प्रयोगशाळेचे जोडतास नेमके शुक्रवारी. वर्षभरात त्या मुलीने जेमतेम एखाददुसरा प्रयोग डोळ्यांनी पाहिला होता, आणि आम्ही म्हणत होतो, रस नाही! मी जोडतास बुधवारी आणले. वेळापत्रकात उलथापालथ झाली, दोन शिक्षक महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. न बोलू देत. ती विज्ञानात पास झाली.

ती शाळेत रोज येणाऱ्या मुलीइतकीच हुशार होती, हे हजेरीपटाने सांगितलं नाही, वहीने सांगितलं. म्हणून म्हणते, वही उघड.

आता शंभर टक्क्यांचं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा आहे. नववीत तो लागू होत नाही, म्हणून ही चाळण नववीत लागते. बोर्ड नियमित आणि खासगी विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे धरतं. १७ नंबर भरलेलं मूल शाळेच्या टक्केवारीत येतच नाही. फळ्यावर शंभर दिसतात, आणि चाळणीखाली पडलेलं मूल पुढे दहावीला बसलं की नाही हे बघायला कुणीही जात नाही. जे मूल काम करतं, आजारपणातून उठलं, ज्याची शाळा खरोखरच सुटली, त्याच्यासाठी तो फॉर्म आहे आणि तो हवाच. आपल्या फ्लेक्ससाठी नाही.

मी मुख्याध्यापक झाल्यापासून आपला निकाल एकदाच शंभर टक्के लागला, २०२१ साली. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठाचे २० असे गुण धरले, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. एरवी दर वर्षी दोन-चार मुलं राहिली. जुलैच्या पुरवणी परीक्षेला त्यांना आपण बसवलं, त्यातली बरीच निघाली. काही नाही निघाली. संस्थेत मला हट्टी म्हटलं गेलं. पट उतरला तो बाईंच्या हट्टामुळे, असंही बोललं गेलं, ते माझ्या कानावर आलं. हे मी मान्य करणार नाही. पेठांतले वाडे पडले, बिऱ्हाडं सिंहगड रस्त्याला, वारज्याला, कोथरूडला गेली. उरलेल्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली. सहा तुकड्यांच्या दोन झाल्या त्या यामुळे. सेमी इंग्रजी मी सुरू केलं, घरोघर पटासाठी मीही फिरले. पण पट टिकवायला मुलं आणायची आणि निकाल टिकवायला तीच मुलं हाकलायची, हे माझ्या हातून झालं नाही. होणारही नव्हतं.

बुधवार पेठेत भिडे वाडा होता. १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. वाडा २०२३ मध्ये पाडला, तिथे आता स्मारक व्हायचंय. फुल्यांच्या त्या काळच्या शाळांचा निकाल किती टक्के लागायचा, तुला माहीत आहे का? मला नाही, आणि कुणी विचारतही नाही. पण त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तो आजही वाचला जातो. एका मुलीने कागदावर लिहिलं आणि तिच्या शिक्षकांनी ते वाचलं. नुसतं 'पाहिले' लिहून बाजूला ठेवलं असतं, तर तो निबंध त्या शाळेबाहेर कधी गेला असता का?

मध्यंतरी बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं जोडली होती, २०२३-२४ पासून, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. हेतू चांगला होता. मुलं वेगळी वही आणतच राहिली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. मला त्याचं नवल वाटलं नाही. धड्याखालच्या पानावर मूल तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर लिहितं. मागचं पान त्याला स्वतःचं लागतं.

मला एक गोष्ट फार सलते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीने माझा वर्ग खाल्ला. शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, शाळेच्या माहितीचं यू-डायस, पगाराची शालार्थ बिलं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, संध्याकाळी पाच वाजता व्हॉट्सअॅपवर येणारं 'माहिती आजच सादर करावी'. ते कुणीतरी करायलाच हवं आणि मी ते नीट केलं. पण त्यापायी किती मुलं माझ्यासमोरून नुसती नावं होऊन गेली! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'अभ्यासातील प्रगती' असा एक रकाना असतो. ज्यांची वही मी पाहिली नव्हती अशांच्याही दाखल्यावर 'समाधानकारक' लिहून सही केलीय, दुसरा इलाज नव्हता. एक तास मात्र मी कधी सोडला नाही. नववी ब, मराठी. 'बाई, आता केबिनमध्ये बसा, शोभत नाही,' म्हणणारे होते. त्या एका तासामुळे दर वर्षी पन्नास वह्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि ते दोघं सापडले ते तिथेच. म्हणून मी तो तास धरून ठेवला ते बरोबरच केलं, असं मी आज जाताना ठामपणे म्हणते.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. माध्यमिक शिक्षण सेवकाला, म्हणजे कायम होण्याआधीच्या शिक्षकाला, महिन्याला १८ हजार, तीन वर्षं. पुण्यात खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल आणि गावी पाठवायचे, यात काय उरतं हे मला कळतं. २०२३ च्या आधी तर ते ८ हजारच होते. क्लासवाले जास्त देतील, शिकवायलाही मोकळीक देतील. तिकडे गेलास तर तुला वाईट म्हणणारी मी नव्हे. पण एक लक्षात ठेव, क्लासला मूल फी भरून येतं, आणि ज्याला फी परवडत नाही ते तिथे दिसतच नाही. तुझ्या यादीतली आठ-दहा मुलं कुठल्याही क्लासच्या दारात उभी राहणार नाहीत. त्यांना शाळा आहे, आणि शाळेत सध्या तू आहेस. यावर विचार करायला वेळ घे. यादीच्या भीतीने पळून मात्र जाऊ नकोस, ती भीती तिकडेही तुझ्यामागे येईल. तिकडेही टॉपरची बॅच वेगळी काढतात आणि बाकीच्यांची वेगळी.

तर आता काय करायचं ते ऐक. सोमवारी त्या मुलांच्या गणित, विज्ञान आणि मराठीच्या वह्या जमा कर. एकट्या त्यांच्याच मागू नकोस, वर्गाच्या माग, म्हणजे कुणाला कळायचं नाही. घरी ने. एका मुलाच्या तिन्ही वह्या एकापुढे एक वाच. एकच विषय वाचून काही कळत नाही. तारखा बघ. अक्षर कुठे बदललं ते बघ, कधी कधी गृहपाठ बहिणीच्या अक्षरात असतो आणि वर्गपाठ त्याच्या. कुठल्या ओळीपर्यंत त्याला येतं आणि कुठे थांबतं तिथे पेन्सिलीने खूण कर. लाल पेन नको. मागची पानं सोडू नकोस.

मग मागितलेल्या कागदावर नावं लिही. हो, लिही. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: वहीत काय दिसलं, कुठे अडलंय, वार्षिक परीक्षेपर्यंत कुठले सर किंवा बाई त्याच्यासाठी काय करणार. बैठकीत हाच कागद ठेव. 'दाखला' हा शब्द त्यावर कुठेही नको. कुणी आवाज चढवला तर सांग, बाईंनी असाच करायला सांगितलाय. या महिन्याच्या २८ तारखेपर्यंत शाळेच्या कागदावर माझी सही चालते, आणि तुझ्या कागदावर ती मी करणार आहे. माझ्यानंतर येणाऱ्या बाईंशीही मी बोलले आहे. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी कागद बघू म्हणाल्या. एवढं मला पुरे आहे. कागद नीट कर म्हणजे झालं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर केबिनमध्ये ये, वह्या घेऊन ये. दोघं मिळून बघू. क्लासला जायचं की नाही ते त्यानंतर बोलू, आधी नाही.

तुझ्या बाई